हिसका

बँकेतल्या दोन कारकुनांमुळे आमच्या घरात दोन तट पडले, ते कायमचेच.

आम्ही मुंबईहून येऊन वसलो त्या अश्दोदमध्ये तेव्हा वाळू होती, वाळूत उभ्या केलेल्या एकसारख्या इमारती होत्या, बंदराच्या बांधासाठी दिवसभर दगड वाहणारे ट्रक होते आणि आमच्या रस्त्याच्या टोकाला एक बँक होती. कापडाच्या कारखान्यात मला मागावर काम लागलं तेव्हा पहिला पगार घेऊन मी आई-बाबांसह त्या बँकेत गेले. दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकायचे, मुदत संपेपर्यंत हात लावायचा नाही, मग वर बक्षीस म्हणून आणखी काही मिळणार, अशी योजना होती. हिब्रूत बचतीला जो शब्द आहे तो एका खिडकीतल्या पोलंडच्या कारकुनाने घसा खरवडून उच्चारला, ‘खिसाखोन’. त्याच्यापुढे बाबा उभे होते. शेजारच्या खिडकीत इराकहून आलेला कारकून होता. त्याने तोच शब्द छातीतून काढला, ‘हिसाखोन’. तो आईने ऐकला.

परत येताना बाबा खुशीत होते. म्हणाले, “बरोबर नाव ठेवलंय. खिसा. आपल्या पैशांचा खिसा.”

“खिसा कुठला? हिसका म्हणाला तो. मी माझ्या कानांनी आयकला.”

“बँकेत कोण हिसका देतो, बाई?”

“देत नाय. ठेवून देतात,” आई म्हणाली. “वेळ आली की दाखवायचा.”

मी हसून हसून वाळूत बसले. पण त्या दिवसापासून बाबा ‘या महिन्याचे खिशात टाकलेस का’ असं विचारायचे आणि आई ‘हिसक्यात टाकलेस का’ असं. दोघांची समजूत घालायच्या भानगडीत मी पडले नाही. खरं सांगायचं तर दोघंही आपापल्या स्वभावालाच धरून होते. बाबांनी मुंबईच्या गिरणीत जन्मभर स्टोअरकीपरची नोकरी केली. साहेब चुकला तरी ‘यस सर’ आणि आपण बरोबर असलो तरी ‘सॉरी सर’, हा त्यांचा धर्म. आई अलिबागकडच्या शनवार तेल्यांची, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ज्यू तेल्यांची मुलगी. घाण्याला जुंपायला बैल असतो, माणूस नव्हे, हे तिने लहानपणीच पाहिलेलं होतं. माझ्या वाट्याला दोघांचंही थोडंथोडं आलं. बाबांचं नाक, आणि नाकावरचा राग आईचा.

बाबांना इथे नोकरी मिळाली नव्हती. वय झालेलं, हिब्रू येत नाही. महिन्यातले थोडे दिवस सरकार वाळूच्या टेकड्यांवर झुडपं लावायचं काम द्यायचं, तेवढंच. घर चालायचं ते माझ्या पगारावर, आणि माझा पगार टिकायचा तर मला ‘कवूआ’ व्हायला हवं होतं. कवूआ म्हणजे कायम. कारखान्यात ठरावीक मुदत काम केलं की माणूस कवूआ होतो, मग त्याला वाटेल तेव्हा हाकलता येत नाही. त्या दिवसांत आमच्या घरात या शब्दाचा जप चालायचा. मी कवूआ झाले की मलिदा करीन, असा नवस आई आमच्या नबीला, एलियाहू हन्नबीला, बोलून बसली होती. मलिदा म्हणजे आमच्या लोकांची मानाची गोष्ट. पोह्यांत साखर आणि खोबरं घालायचं, वर फळं मांडायची आणि नबीच्या नावाने प्रार्थना करून सगळ्यांनी मिळून खायचे. इथे पोहे कुठे मिळणार? त्या उन्हाळ्यात मावशी बोटीने आली, तिने अलिबागहून पिशवीभर पोहे आणले होते. आईने ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून कपाटावर ठेवले आणि आम्हा दोघांना बजावलं, “डब्याला हात लावलात तर हात मोडीन.”

हनुक्का, आमचा हिवाळ्यातला दिव्यांचा सण, जवळ आला होता. मुदत पुरी व्हायला अगदी थोडे दिवस उरले होते. पाळी सुटताना मुकादमाने काही जणींना बाजूला बोलावलं. हा मुकादम रुमानियाचा, अंगाने जाड, बोलायला गोड. मला वाटलं सणाचं काही वाटतोय. त्याने प्रत्येकीच्या हातात पाकीट दिलं आणि म्हणाला, ‘मेफुतेरेत’. हा शब्द मला तेव्हा येत नव्हता. कानाला काहीतरी फुटल्यासारखा वाटला, म्हणून मी आधी मागाकडे वळून पाहिलं. मग कळलं की फुटलेली मीच. कामावरून काढलं होतं. काम कमी आहे, म्हणे. आणि बोलावलेल्या बायकांकडे नीट पाहिलं तर सगळ्या आम्हीच, होदीम, हिंदुस्थानातून आलेल्या.

मी विचारलं, “आम्हीच का?”

तो मला खरोखर प्रेमाने म्हणाला, “तुम्ही शांत माणसं आहात. दुसऱ्यांना काढलं तर ते येऊन टेबल बडवतात.”

मला आयुष्यात पुष्कळदा राग आला आहे, पण इतका स्वच्छ राग पुन्हा कधी आला नाही. घरापर्यंत मी वाळू तुडवत गेले आणि दारातच सांगून टाकलं. बाबा खुर्चीवर बसले. आईने माझ्या हातातलं पाकीट घेतलं, आत पाहिलं, आणि पहिली गोष्ट विचारली ती ही, “हिसका हाय ना?”

“आहे.”

“मग जेव.”

कामगारांच्या कमिटीचा माणूस म्हणाला, ‘सावलानुत’. धीर धरा. या देशात उतरल्यावर माणूस हा शब्द आधी शिकतो, नमस्कार-चमत्काराचे नंतर. लिश्का म्हणून जी कामं वाटायची कचेरी होती तिथे मी रांगेत उभी राहिले. त्यांनी मला संत्र्यांच्या बागेत धाडलं. पाऊस नसेल त्या दिवशी ट्रक यायचा. ओल्या झाडांत हात घालून संत्री कात्रीने उतरवायची, गळ्यात पिशवी. पाऊस पडला की काम नाही आणि पैसेही नाहीत. त्या हिवाळ्यात पावसाला माझ्याशी काय वैर होतं कोण जाणे.

थोड्याच दिवसांत कारखान्याच्या पोटातलं बाहेर पडलं. मला बोलावणं आलं. मुकादमाने कागद पुढे सरकवला. काम आहे, तोच माग आहे, फक्त आता ‘जमनी’. जमनी म्हणजे तात्पुरती. पगार कमी, आणि आधी केलेल्या कामाचा एकही दिवस धरायचा नाही, पहिल्यापासून मोजायला सुरुवात. म्हणजे मुदत भरत आली की पुन्हा पाकीट. माझ्याबरोबर काढलेल्या दोघी-तिघी सही करून आत गेल्या होत्या. त्यांना मी कधी बोल लावला नाही, त्यांच्या घरात लहान मुलं होती. गरजवंताला अक्कल नसते, असं आपण म्हणतो. अक्कल असते हो, फक्त वापरायला सवड नसते. मुकादमाचा सगळा हिशेब त्याच्यावरच होता.

मी टेबल बडवलं नाही. खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले. ती मुकादमाच्या पाहुण्यांची खुर्ची होती, तिच्यावर मागावरचं कुणी बसत नसे. मग शांतपणे, अगदी होदीमसारखं, म्हटलं, “कवूआ असेल तर येते. नाहीतर नाही.”

तो हसला. “किती दिवस घरी बसशील?”

“तुमचे माग किती दिवस बसतील ते बघू या,” मी म्हटलं आणि उठून आले. जिना कठडा घट्ट धरून उतरले, ते त्याला दिसलं नाही.

घरी बाबा भडकले. त्यांना चढलेला आवाज शोभायचाच नाही, तो मध्येच चिरकायचा. “सही कर. नोकरी म्हणजे नोकरी. अंथरूण पाहून पाय पसरावे माणसाने!”

“अंथरूणच ओढून घेतलंय त्याने, बाबा.”

“म्हणून जमिनीवर झोपणार का? खिशात हाय ते उद्या संपेल. मग तोच माणूस दारात उभा करणार नाय.”

“अहो, ती सही करणार नाय,” आई कणीक मळता मळता म्हणाली. “आम्हाला जमनी जमणार नाय.”

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. गिरणीच्या संपात त्यांनी घरातली भांडी विकलेली होती, ते मला माहीत होतं. एकदा रिकामा झालेला खिसा माणूस विसरत नाही. पण ते भीतीला शहाणपण म्हणत होते आणि मला ते सहन होत नव्हतं.

मग मी बँकेत गेले. पोलंडवाल्या कारकुनाने चष्मा वर केला. मुदतीआधी मोडलंत तर वरचं बक्षीस बुडेल, म्हणाला, ‘खवाल’. म्हणजे नुकसान, वाईट झालं. मोडू नका, वसंतातल्या पेसाखच्या सणापर्यंत थांबा. मी म्हटलं, पेसाखपर्यंत आम्ही काय खायचं, मुदत? हिब्रूतही ठेव मोडतातच. तोच शब्द, काठी मोडते तसा. आणि मला एकदम आपली जुनी म्हण आठवली, मोडेन पण वाकणार नाही. लोक ती ताठ्याने म्हणतात. मी ती बँकेच्या खिडकीत अक्षरशः पाळली. खिसाखोन मोडली आणि वाकले नाही. बक्षीस गेलं. तो पैसा गेल्याचं दुःख मला आजही आहे, उगाच कशाला खोटं बोलू.

पैसे सगळे घरी आणायचे नाहीत, असा आईचा हुकूम होता. घरात पैसा ठेवला की त्याला पाय फुटतात. साध्या खात्यात ठेवायचा आणि आठवड्याला लागेल तेवढाच काढायचा. काढायला मात्र ती स्वतः माझ्याबरोबर यायची, आणि ती कशी? शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाची, पांढरी साडी नेसून, हातात हिरव्या बांगड्या, केसांना तेल. मी म्हणायची, “आई, एवढ्याशा पैशांसाठी इतका थाट?”

“भीक मागायला चाललो काय? आपलाच हाय, आपल्यालाच आणायचाय,” ती म्हणायची. इराकवाला कारकून तिला पाहिलं की उठून उभा राहायचा. काढलेली रक्कम बघून पुन्हा खाली बसायचा.

कोपऱ्यावरचा वाणी उधार द्यायला तयार होता. सगळी वस्ती त्याच्या वहीत होती. आई त्याच्याकडून रोख घ्यायची, थोडं घ्यायची, पण त्याच्या वहीत आमचं नाव तिने येऊ दिलं नाही. उधारी केली की दुकानात बोलता येत नाही, असं तिचं म्हणणं, आणि दुकानात बोलल्याशिवाय तिला जेवण पचायचं नाही. वांगी स्वस्त होती, तर वांगी. सरकारी काळा पाव स्वस्त, तर पाव. तांदूळ फक्त शब्बाथला. घासलेटची शेगडी शुक्रवारी संध्याकाळी पेटायची, बाकीच्या दिवशी आम्ही अंगावर सगळे कपडे घालून बसायचो. बाबांचा मुंबईचा जाडा कोट दिवसा ते घालायचे आणि रात्री मी पांघरायची. बाबांनी सिगारेट सोडली. कुणी सांगितलं नव्हतं. एके दिवशी त्यांच्या बोटांना वास येत नाही हे माझ्या लक्षात आलं आणि मला रडू आलं. बाहेर मात्र आमची ऐट तीच. वाळत घातलेले कपडे इस्त्रीचे वाटावेत असे आई झटकायची.

बागेतली संत्री संपत आली तसा पैसाही आटला. पुरीमच्या सणानंतरच्या रविवारी आम्ही गेलो तर इराकवाल्याने हळू आवाजात सांगितलं, यापुढे काही नाही. आईने ‘तोदा’ म्हणून त्याचे आभार मानले, पदर सारखा केला आणि ताठ मानेने बाहेर आली. ट्रकच्या धुळीत उभी राहून मला म्हणाली, “घरात सांगायचा नाय.” पण बाबांना सांगावंच लागलं. मला वाटलं, आता उद्या सकाळी मला त्या खुर्चीसमोर उभं राहून सही करावी लागणार. एवढं सगळं करून शेवटी तात्पुरती. मी रात्रभर आढ्याकडे बघत पडले होते आणि कारखान्याला, मुकादमाला, स्वतःलाही शिव्या देत होते.

सकाळी मी केस बांधत होते तेव्हा दार वाजलं. दारात मुकादम.

त्याला परदेशचं मोठं काम मिळालं होतं, पेसाखच्या आधी माल द्यायचा होता. नव्या हातांनी धागे तोडून गोंधळ घातला होता. हे तो त्या वेळी बोलला नाही, मला मागाहून कळलं. तो म्हणाला ते एवढंच, “या बाजूला आलो होतो, म्हटलं बघावं तुमचं कसं काय.” त्याची नजर घरभर फिरत होती. थंड शेगडीवर, भिंतीवर, बाबांच्या कोटावर. आम्ही किती भुकेले आहोत ते तो पाहायला आला होता.

आईने त्याला बसवलं आणि आत गेली. मला कपाटावरून पत्रा सरकल्याचा आवाज आला. ती बाहेर आली ती ताट घेऊनच. गोड पोह्यांचा ढीग, वर सुक्या खोबऱ्याचा कीस, मनुका, कडेने संत्र्यांच्या फोडी. मलिद्याचे पोहे. नबीचे पोहे. तिने ते मुकादमापुढे असे ठेवले, जणू आम्ही रोज सकाळी हेच टाकून उठतो.

तो खाऊ लागला. खाताखाता मला म्हणाला, “तो कागद अजून आहे. जमनी. आज सही केलीस तर उद्यापासून काम.”

मी तोंड उघडायच्या आत आई पुढे आली. तिला मराठीत म्हणायचं होतं, ‘थांब, तुला हिसका दाखवते.’ पण पाहुण्याला कळायला हवं म्हणून तिने ते हिब्रूत सांगितलं. कंबरेवर हात ठेवून, बोट त्याच्या नाकासमोर नाचवत म्हणाली, “अनी मारा लेखा हिसाखोन!”

म्हणजे, मी तुला बचत दाखवते.

मुकादमाचा घास थांबला. त्याने आईकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. “तुमच्याकडे बचत आहे?”

झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ती झाकून धरायची कशी? खोटं बोलायला बाबांनी मला शिकवलं नव्हतं, आणि खरं बोलले असते तर सगळं संपलं असतं. आणि नेमके बाबा खुर्चीवरून उठले. मला वाटलं, झालं. आता ‘यस सर’ म्हणणार, सही कर म्हणणार.

बाबांनी कोटाच्या खिशावर दोनदा थापटलं. त्या खिशात त्यांची प्रार्थनेची टोपी आणि एक रुमाल होता, मी रात्री तोच कोट पांघरला होता. ते म्हणाले, “खिसाखोन. माले.” माले म्हणजे भरलेला. आणि मुंबईच्या साहेबाला जन्मात म्हटलं नसेल अशा आवाजात पुढे म्हणाले, “कवूआ. नाहीतर नाही.”

मुकादमाने ताट संपवलं. चहाही प्यायला. जिन्यात तो माझ्याकडे वळून म्हणाला, “उद्या ये. कवूआ.”

“आधी कागद, मग माग,” मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर उभी राहिले ती कागद बाहेर येईपर्यंत. आधीचे दिवस धरून. सही त्याची आधी, माझी नंतर. आत गेले तेव्हा काही बायकांनी माग थांबवून माझ्याकडे पाहिलं, आणि मी मुद्दाम सावकाश चालले.

संध्याकाळी घरी येऊन आईच्या गळ्यात पडले. बाबा खिडकीशी होते, बाहेर बघत चष्मा पुसत होते. मग मला नवस आठवला. म्हटलं, “आई, आता मलिद्याचं कसं?”

तिने कपाटावरचा डबा काढून पालथा धरला. एक दाणा पडला नाही.

“मुकादमाने खाल्ला,” ती म्हणाली.

“आणि एलियाहू हन्नबी?”

“तो थांबेल गो,” आई डबा पुसून जागेवर ठेवत म्हणाली. “त्याला कोण काढतो? तो कवूआ हाय.”